कोठाराची किल्ली आणि देवाची पावती : धान्यसंचयाच्या कथांतील नीतिविचार

१

एखाद्या समाजाची नीती त्याच्या धर्मग्रंथांत जितकी सापडते, तितकीच त्याच्या वाक्प्रचारांतही सापडते. एखादी गोष्ट एकाएकी विपुल प्रमाणात दिसू लागली की मराठीत तिचे ‘पेव फुटले’ असे म्हणतात. पेव म्हणजे धान्य साठवण्यासाठी जमिनीत खोदलेला खड्डा. तोंड लिंपून बंद केलेले हे भुयारी कोठार वरून जाणाऱ्याच्या नजरेस पडत नाही. ते उघडले की पोटातले धान्य एकदम दिसू लागते. विपुलता कोठून तरी येत नाही, ती आधीच कोठेतरी दडलेली असते, असा एक सूक्ष्म समज या वाक्प्रचारात वस्तीला आहे. दुष्काळात पेव, कणगी, बळद, अंबारखाना ही सारी स्थाने लोकांच्या नजरेत संशयास्पद ठरतात, त्याचे मूळ या समजातच आहे. पाऊस आकाशाच्या हाती असतो, पण धान्याच्या दाराला लावलेले कुलूप माणसाच्या हातचे असते.

भाषेने जपलेला दुसरा पुरावा अधिक विलक्षण आहे. मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांनी दुष्काळात सरकारी कोठारे लोकांसाठी उघडली, अशी परंपरा आहे. त्याच दामाजीपंतांचे नाव बोलीभाषेत पैशाचे विनोदी पर्यायनाम झाले आहे. खिशात दामाजीपंत नसतील तर काम होत नाही, असे सहज म्हटले जाते. ‘दाम’ या शब्दावरचा हा श्लेष उघडच आहे. तरीही ज्याने धान्याची किंमत न पाहता ते वाटून टाकले, त्याच्या नावाने लोकांनी किंमतच ओळखावी, यात केवळ शब्दखेळ पाहून थांबता येत नाही. दामाजीच्या कथेतच असे काहीतरी आहे की, जिच्यामुळे धान्याची गोष्ट अखेर पैशाची गोष्ट होते. ते काय आहे याचा शोध घेतल्यास धान्यसंचयाविषयीच्या भारतीय कथांतील नीतिविचाराचे एक महत्त्वाचे अंग उलगडते.

२

दामाजीची कथा आज सर्वांना परिचित आहे ती मुख्यतः महीपतीच्या ‘भक्तविजया’मुळे. हा ग्रंथ १७६२ सालचा. कथेतला काळ बहमनी अमलाचा आणि राजधानी बीदरची. परंपरा या दुष्काळाला दुर्गादेवीचा दुष्काळ म्हणते. परंतु दुर्गादेवीच्या दुष्काळाचा आरंभ सामान्यतः १३९६ च्या सुमारास धरला जातो आणि बहमनींची राजधानी बीदरला आली ती पंधराव्या शतकाच्या पहिल्या चतुर्थकाच्या आगेमागे. म्हणजे कथेतला दुष्काळ कालगणनेत एका जागी बसत नाही. याचा अर्थ कथा खोटी आहे असा नव्हे. अनेक दुष्काळांची स्मृती या एका दुष्काळात गोठली आहे, एवढाच अर्थ त्यातून काढता येतो. लोकस्मृती सनावळी ठेवत नाही, ती प्रसंगांची प्रतवारी करते.

कथेचा सांगाडा असा. दामाजी हे मंगळवेढ्याचे सरकारी अधिकारी. कोठारे सुलतानाच्या धान्याने भरलेली, आणि दाराशी भुकेलेली माणसे. दामाजी कोठारे उघडतात. हाताखालचा एक अधिकारी मत्सराने बीदरला खबर देतो. दामाजींना पकडून आणण्याचा हुकूम सुटतो. बीदरच्या वाटेवर ते पंढरपुरास विठ्ठलाचे अखेरचे दर्शन घेतात. इकडे विठ्ठल महाराचे रूप घेऊन बीदरच्या दरबारात उभा राहतो, लुटविलेल्या धान्याचे पुरे मोल मोजतो आणि पावती घेतो. ती पावती पुढे दामाजींना आपल्या पोथीत सापडते.

भक्तिपर वाचनाला या कथेत देवाच्या कनवाळूपणाचा साक्षात्कार होतो, आणि तो योग्यच आहे. सामाजिक वाचन महाराच्या रूपाकडे लक्ष वेधते. ज्या मंगळवेढ्याशी चोखामेळ्याच्या मृत्यूची आठवण निगडित आहे, त्याच गावच्या ब्राह्मण अधिकाऱ्याला सोडविण्यासाठी देवाने अस्पृश्य मानल्या गेलेल्या माणसाचे रूप घ्यावे, हा योगायोग नव्हे. परंतु या दोन्ही वाचनांतून एक साधी गोष्ट सुटते. देव सुलतानाचे पैसे बुडवत नाही. तो सुलतानाला शाप देत नाही, कोठारावर वीज पाडत नाही, धान्य मुळात रयतेचेच होते असा दावाही करीत नाही. तो पूर्ण भरणा करतो आणि रीतसर पावती घेतो. जगाच्या नियंत्याने केलेला हा चमत्कार हिशेबाच्या चौकटीत बसणारा आहे.

याचे स्पष्टीकरण अंशतः महीपतीच्या जीवनात मिळते. महीपती हे ताहराबादचे वंशपरंपरेने कुळकर्णी. पुढे त्यांनी चाकरी सोडली आणि लेखणी संतचरित्रांसाठीच वाहिली, असे त्यांचे चरित्र सांगते. जमाखर्चाच्या जगातून आलेल्या या कवीला एक गोष्ट पक्की ठाऊक होती : गावकामगाराला सुलतानाच्या क्रोधापेक्षाही बाकी राहिलेली रक्कम अधिक भिववते. दयाळू अधिकारी देवाला प्रिय असेल, पण वसुलीची वही दयेची नोंद घेत नाही. म्हणून त्याच्या कथेत मोक्षाच्या आधी पावती येते. पावती ही या आख्यायिकेची खरी मध्यवर्ती प्रतिमा आहे. दामाजीचे नाव पुढे पैशाला का चिकटले, याचा उलगडाही येथेच होतो. कथेच्या शेवटी श्रोत्याच्या डोळ्यांसमोर उरते ती धान्याची रास नव्हे. दरबारात ओतलेले नाणे उरते.

येथेच कथेची मर्यादाही दिसते. कोठारातले धान्य कोणाचे, हा प्रश्न तिने उभा केला, पण त्याचे उत्तर दिले नाही. देवाने मध्ये पडून तो मिटवला. मिटवलेला प्रश्न सुटलेला नसतो. ज्या मामलेदाराच्या मदतीला विठ्ठल धावून येण्याची खात्री नाही, त्याने काय करावे, याविषयी कथा मौन पाळते. तथापि एक गोष्ट ती निःसंदिग्धपणे सांगते. दामाजी कोठारे उघडतात तेव्हा देव येईल हे त्यांना ठाऊक नसते. कथेतला नैतिक क्षण तो आहे. चमत्कार नंतरचा आहे. कीर्तनात रंग चमत्काराला चढतो, पण वजन त्या आधीच्या क्षणाला आहे.

३

दामाजीच्या कथेशेजारी तुकारामांच्या चरित्रातला एक प्रसंग ठेवला की हिशेबाच्या या चौकटीला दुसरी बाजू असल्याचे जाणवते. तुकारामांचे घराणे देहूचे महाजन, व्यवहार वाण्याचा. १६३० ते १६३२ या वर्षांतल्या भीषण दुष्काळाने दख्खन आणि गुजरात उद्ध्वस्त केले. त्या दुष्काळात तुकारामांचा व्यापार बुडाला आणि प्रथम पत्नी अन्नावाचून गेली. पुढे त्यांनी कुळांकडून येणे असलेली खते इंद्रायणीत बुडविली, असे परंपरा सांगते. धाकट्या भावाचा वाटा निम्मा म्हणून त्याची खते त्याला दिली आणि आपल्या वाट्याची तेवढी नदीला अर्पण केली, हा तपशील विशेष मार्मिक आहे. येथेही वाटणी काटेकोर आहे, पण पावती नाही. देणे कोणी फेडत नाही, ते असण्याचा पुरावाच नाहीसा केला जातो. दामाजीच्या कथेत देव ऋणको होतो. तुकारामांच्या कथेत धनकोच धनकोपण टाकून देतो. वारकरी परंपरेने या दोन्ही कथा जपल्या आणि त्यांतल्या विरोधाचा गवगवा केला नाही.

याच वर्षांत पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला इंग्लंडमध्येही धान्यटंचाई होती. १६३०–३१ मध्ये पिके बुडाली आणि भाव चढले. दरबाराने १५८७ पासून टंचाईच्या काळासाठी तयार असलेला हुकूमनामा पुन्हा जारी केला. स्थानिक न्यायाधिकाऱ्यांनी कोठारांची तपासणी करावी, शिलकीची मोजदाद करावी आणि धान्य बाजारात आणण्यास शेतकऱ्यांना भाग पाडावे, असा त्याचा आशय. रस्त्यावर विकल्या जाणाऱ्या छापील पोवाड्यांनी आपल्या परीने हेच काम केले. अशा एका पोवाड्यात बकिंगहॅमशायरमधील एका साठेबाज शेतकऱ्याचे घोडे जमिनीत गडप झाल्याची हकिकत १६३१ च्या मार्चमधली घटना म्हणून सांगितली आहे. ऱ्हाइनकाठच्या बिंगेन येथील हाटो या धर्माधिकाऱ्याची आख्यायिकाही याच जातीची. भुकेल्यांना कोठारात कोंडून जाळणाऱ्याला अखेर उंदरांनी खाल्ले. इंग्रज कवी रॉबर्ट साउदीने १७९९ मध्ये तिला काव्यरूप दिले. शेक्सपियरच्या ‘मॅक्बेथ’मधला द्वारपाल नरकाच्या दारी ज्या पापी लोकांची कल्पना करतो, त्यांत पीक चांगले येणार या भीतीने गळफास घेणारा शेतकरी पहिला आहे. त्याच शेक्सपियरच्या नावावर स्ट्रॅटफर्ड येथे १५९८ च्या फेब्रुवारीत झालेल्या मोजदादीत दहा क्वार्टर माल्ट, म्हणजे मद्यासाठी भिजवून वाळविलेले धान्य, नोंदलेले आहे. नाटककार आणि साठवणदार एकाच देहात नांदत होते. यात नवल नाही. साठेबाज हा नेहमी दुसरा कोणीतरी असतो, हा लोकनीतीतला जुना भ्रम आहे.

दोन परंपरांतला फरक महत्त्वाचा आहे. इंग्रजी कथांचे आशयसूत्र दंडाचे. लोभ्याला भूमी गिळते, उंदीर खातात, तो स्वतःच फास घेतो. मराठी संतकथांचे आशयसूत्र मोचनाचे. कोठार उघडणारा सुटतो आणि खते बुडविणारा मुक्त होतो. एका परंपरेत कथा साठेबाजाकडे पाहते, दुसरीत कोठार उघडणाऱ्याकडे. यावरून एक समाज सूडप्रिय आणि दुसरा क्षमाशील असा निष्कर्ष काढणे हास्यास्पद ठरेल. इंग्लंडमध्ये साठेबाजावर कारवाई करण्याचा अधिकार, निदान कागदावर, अस्तित्वात होता. पोवाड्यातला दैवी दंड त्या लौकिक दंडाला दुजोरा देत होता. मंगळवेढ्यात कोठार सत्तेचेच होते. सत्तेला दंड करणारा कोणी नव्हता. मग कथेपुढे एकच वाट उरली, सत्तेचे देणे चुकवून माणूस सोडविण्याची.

४

या प्रश्नाची तिसरी मांडणी दक्षिणेत, कन्नड परंपरेत आढळते, आणि ती मराठी वाचकाला दूरची वाटू नये. कनकदासांचे ‘रामधान्यचरिते’ हे भामिनी षट्पदीत रचलेले छोटे आख्यानकाव्य. कनकदास हे सोळाव्या शतकातले हरिदास, कुरुब, म्हणजे धनगर समाजात जन्मलेले. त्यांच्या काव्याचा विषय अद्‌भुत आहे : नाचणी आणि तांदूळ यांचे भांडण. वनवासातून परतताना राम गौतम ऋषींच्या आश्रमात थांबतो. तेथे धान्यांत श्रेष्ठ कोण असा प्रश्न निघतो. गौतम नाचणीचे नाव घेतात आणि तांदूळ संतापतो. नाचणी त्याला सुनावते की तू श्रीमंतांचा सोबती, दुष्काळात तुझे तोंड दिसत नाही. राम निवाडा लगेच देत नाही. दोन्ही धान्यांना तो सहा महिने बंदिवासात ठेवतो. मुदत संपल्यावर तांदूळ खराब झालेला आढळतो, नाचणी जशीच्या तशी राहते. राघवाने तिला आपले नाव दिले म्हणून ती ‘रागी’ झाली, अशी कथेची सांगता होते.

या काव्याचे वाचन बहुधा जातिभेदाचे रूपक म्हणून केले जाते. गोरा तांदूळ आणि काळी नाचणी यांचा वाद उच्चनीचतेचा वाद आहे, यात शंका नाही. परंतु कथेतला बंदिवास नुसते रूपक म्हणून वाचणे अपुरे आहे. धान्याचा बंदिवास म्हणजे कोठार. म्हैसूरच्या पठारावर, जेथे नाचणी हेच मुख्य अन्न होते, तेथे ती ‘हगेवू’ नावाच्या भुयारी खड्ड्यांत वर्षानुवर्षे ठेवीत. ही मराठी पेवाची सख्खी बहीण. नाचणीला कीड सहसा लागत नाही, हा गुण त्या प्रदेशातल्या प्रत्येक कुणब्याला ठाऊक होता, आणि एक-दोन वर्षे पाऊस हुकला तर हगेवूतली नाचणी गावाला तारत असे. कनकदासांच्या निवाड्याला आधार देणारा अनुभव हा असा कृषिव्यवहारातला आहे. काव्य त्याला केवळ दरबार देते.

येथे साठवणीचा अर्थच पालटतो. दामाजीच्या कथेत बंद कोठार हे पापाचे स्थान आहे, ‘रामधान्यचरिते’त ते परीक्षेचे स्थान आहे. जे धान्य बंदिवास सोसून भुकेच्या वेळी कामास येते ते श्रेष्ठ. म्हणजे साठवणे पाप नव्हे, कोणासाठी आणि कोठवर साठविले यावर सारे अवलंबून आहे. पंचतंत्रातल्या कोल्ह्याच्या गोष्टीतही हाच विवेक आहे. हरिण, रानडुक्कर आणि शिकारी यांची मांसरास समोर असताना उद्याची तजवीज म्हणून तो धनुष्याची तात चावू लागतो, तात तुटते आणि तो मरतो. ती गोष्ट संचयाचा निषेध करीत नाही, अतिसंचयाचा करते. कुणब्याची कणगी आणि व्यापाऱ्याचे गोदाम यांत बाहेरून फरक दिसत नसेल, पण एक दुष्काळाला भिऊन भरलेली असते आणि दुसरे दुष्काळाची वाट पाहत. लोककथांनी हा फरक ओळखला होता. कायद्यांना तो पुष्कळदा ओळखता आला नाही.

याच म्हैसुरात १९२९ मध्ये जन्मलेल्या ए. के. रामानुजन यांनी कन्नड लोककथांच्या अभ्यासातून या विवेकाला एक व्यापक सूत्र दिले. एका बाईला एक गोष्ट आणि एक गाणे ठाऊक असते, पण ती ते कोणालाच सांगत नाही. कोंडून ठेवलेली गोष्ट आणि गाणे एके दिवशी निसटतात, जोडा आणि अंगरखा होऊन दाराशी येतात आणि घरात संशयाचा वणवा पेटवतात. रामानुजन यांनी या कथेचा संबंध दानाच्या कल्पनेशी जोडला. अन्न, विद्या, धन यांप्रमाणे कथाही फिरती राहिली पाहिजे, जे अडविले जाते ते विकृत होऊन सूड घेते. हे सूत्र हाती धरले की दामाजी, तुकाराम, कनकदासांची नाचणी आणि अबोल बाईची गोष्ट ही सारी एका कुळातली ठरतात. साठेबाजीचे पाप वस्तू जवळ असण्यात नाही, तिची वाट अडविण्यात आहे.

५

एकोणिसाव्या शतकात या नीतीसमोर एक नवीन प्रतिस्पर्धी उभा राहिला. इंग्लंडमध्ये धान्य अडवून ठेवण्याविरुद्धचे जुने कायदे १७७२ मध्ये रद्द झाले. १७७६ मध्ये ॲडम स्मिथने साठेबाजांविषयीच्या लोकभीतीची तुलना चेटकिणींच्या भीतीशी केली. व्यापारी भाव चढवतो तेव्हा तो टंचाईचे धान्य पुढच्या महिन्यांसाठी राखतो, असा त्याचा युक्तिवाद होता. तो सर्वस्वी पोकळ नव्हता. परंतु युक्तिवादाचे धोरण झाले आणि धोरण दुष्काळाच्या प्रदेशात येऊन पोचले तेव्हा त्याचा अर्थ बदलला. १८७६ ते १८७८ च्या दुष्काळात धान्यव्यापारात हस्तक्षेप करावयाचा नाही, हे वसाहत सरकारचे सूत्र होते. म्हैसूर संस्थान तेव्हा ब्रिटिश कमिशनरच्या कारभाराखाली होते. १८७१ च्या गणनेत त्याची लोकसंख्या पन्नास लाखांहून अधिक होती, १८८१ च्या गणनेत ती बेचाळीस लाखांच्या आसपास उतरली. नाचणीच्या देशात हगेवू रिकामी झाली आणि ती भरून निघण्यास उसंत मिळाली नाही. आगगाडी धान्य आणू शकत होती, पण ते विकत घेण्याचे सामर्थ्य आणू शकत नव्हती.

त्याच्या आदल्याच वर्षी, १२ मे १८७५ रोजी, भीमथडी तालुक्यातल्या सुप्याच्या बाजारात शेतकऱ्यांनी सावकारांवर हल्ला करून खते आणि वह्या जाळल्या. त्या गर्दीतल्या कोणास तुकारामांची आठवण झाली असेल की नाही हे सांगणे अशक्य आहे. तरीही दोन प्रसंगांची आकृती एकच आहे : कागद नाहीसा झाला की ऋण नाहीसे होते, ही श्रद्धा. फरक एवढाच की देहूत धनकोने स्वतः कागद नदीला दिले, सुप्यात ते ऋणकोंनी आगीला दिले. संताच्या कृतीचे अनुकरण सावकारांनी केले नाही, तेव्हा ती लोकांनी आपल्या हाती घेतली. संतकथा समाजाला शांत ठेवतात हा आरोप अनेकदा होतो. त्यांनी एखादी आकृती जिवंत ठेवली आणि इतिहासाने ती दुसऱ्या अर्थाने वापरली, ही शक्यताही जमेस धरली पाहिजे.

इंग्रज इतिहासकार ई. पी. टॉमसन यांनी १९७१ मध्ये अठराव्या शतकातल्या धान्यदंगलींचा अभ्यास करून असे दाखविले की, दंगलखोर जमाव नुसत्या भुकेने पेटलेला नसतो. रास्त भाव आणि रास्त वाटप यांविषयी त्याच्या निश्चित कल्पना असतात. अमर्त्य सेन यांनी १९८१ मध्ये मांडले की दुष्काळात लोक मरतात ते धान्य नसते म्हणून नव्हे, तर असलेल्या धान्यावर त्यांचा हक्क चालत नाही म्हणून. या दोन्ही प्रतिपादनांपुढे लोककथा ठेवल्या असता त्या भाबड्या वाटत नाहीत. कोठार भरलेले आणि दारात भुकेलेली माणसे, हे सेन यांच्या सिद्धान्ताचे चित्र दामाजीच्या कथेने काही शतके आधी रंगविले आहे. कथेजवळ हक्काची भाषा मात्र नव्हती. तिच्याजवळ कृपेची भाषा होती.

हा भाषेचा फरक लहान नाही. २००१ मध्ये सरकारी गोदामांत धान्याचे ढीग पडून असताना देशाच्या काही भागांत लोक उपाशी होते, तेव्हा नागरी स्वातंत्र्यासाठी काम करणाऱ्या एका संघटनेने सर्वोच्च न्यायालयात धाव घेतली. त्या प्रकरणातून अन्नाचा प्रश्न हक्काच्या भाषेत मांडला जाऊ लागला आणि २०१३ मध्ये अन्नसुरक्षेचा कायदा झाला. दामाजीच्या कथेतला मिटवलेला प्रश्न, म्हणजे कोठारातले धान्य कोणाचे हा प्रश्न, अखेर लौकिक दरबारात विचारला गेला. त्याचे उत्तर पूर्णतः अमलात आले आहे असे म्हणण्याचे धाडस कोणी करणार नाही.

म्हणून दामाजीकथेचे आजचे वाचन पावतीपाशी थांबू नये. पावती सुलतानासाठी होती. रयतेसाठी उघडलेले दार होते. २०२३ हे वर्ष जगभर भरडधान्यांचे वर्ष म्हणून पाळले गेले आणि नाचणी शहरांतल्या दुकानांत सन्मानाने, चढ्या भावाने विराजमान झाली. कनकदासांच्या रामाने तिला श्रेष्ठत्व दिले होते ते दुष्काळात गरिबाच्या ताटात ती असते या एका कारणासाठी. ते कारण उरले नाही तर राघवाचे नाव धारण करूनही ती निवाडा हरलेली असेल.